मैत्रिणीला पेपर दाखवला, चुकलं का?



फेब्रुवारी उजाडला की आपल्या मुळशीत घराघरांत दहावी-बारावीचं वारं वाहू लागतं. टीव्ही बंद होतो, मोबाइल काढून घेतला जातो, देवाला नारळ बोलला जातो. गटाच्या बैठकीतही हप्त्याचं बोलणं थोडं आणि परीक्षेचं जास्त होतं. आज आम्ही तुमच्याशी परीक्षेबद्दलच बोलणार आहोत. पण अभ्यास कसा करावा आणि पहाटे किती वाजता उठावं, हे सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत कॉपीबद्दल. तेही आम्हाला सगळं कळतं म्हणून नाही, तर आमचीच एकदा पंचाईत झाली म्हणून.

झालं असं. जानेवारीत आमच्याकडच्या एका गटाची बैठक होती. धरणाच्या बाजूचं गाव. बचत गोळा झाली, हजेरी झाली, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "जरा बोलायचं होतं." त्यांची मुलगी दहावीला आहे, हुशार आहे. सराव परीक्षेत बीजगणिताच्या पेपरला तिने आपली उत्तरपत्रिका अशी सरकवून ठेवली, की मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला दिसावं. कुणी पकडलं नाही. घरी आल्यावर भाकरी थापता थापता पोरीने आपणच आईला सांगितलं. वर म्हणाली, "आई, तिच्या घरी सांगितलंय, नापास झालीस तर लग्न लावून देणार. मी काय करायला पाहिजे होतं?"

त्या ताईंनी आम्हाला विचारलं, "मी तिला रागावू का जवळ घेऊ? शाळेत सांगू का गप्प बसू?"

बैठकीत एकच गलका झाला. एक म्हणाली, "मैत्रिणीला मदत केली, त्यात पाप कसलं?" दुसरी म्हणाली, "बोर्डाच्या पेपरला असं केलं आणि पकडली गेली, तर दोघींचंही वर्ष जाईल." तिसरी म्हणाली, "अहो, कॉपी कोण करत नाही? आमच्या वेळेला तर खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या." एक म्हातारी आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आज दाखवलं, उद्या कोण दाखवणार?"

सगळ्यांचं थोडं थोडं खरं वाटत होतं, म्हणून निर्णय काही होईना. मग आम्ही ठरवलं, या प्रश्नाची नीट माहिती घेऊ आणि रेडिओवर त्यावर बोलू.

कायदा आणि बोर्ड काय म्हणतं

आधी साधी माहिती. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून वेगळा कायदा आहे. विद्यापीठाच्या आणि बोर्डाच्या परीक्षांना तो लागू आहे. पेपर फोडणं, दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणं, कॉपीला मदत करणं, यासाठी त्या कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणजे खिडकीतून चिठ्ठी टाकणारा मामा किंवा भाऊ हा 'फक्त मदत करणारा' राहत नाही. याशिवाय बोर्डाची स्वतःची शिक्षासूची असते. त्यात त्या परीक्षेचा निकाल रद्द होण्यापासून पुढच्या परीक्षांना बसू न देण्यापर्यंतच्या शिक्षा आहेत.

परीक्षेच्या दिवशी भरारी पथक येतं, बैठं पथक बसून राहतं, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला सांगतात. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळायची. त्या वेळात तिचे फोटो बाहेर जाऊ लागले, म्हणून २०२३ पासून ते बंद केलं आणि शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. २०२५ साली बोर्डाने जानेवारीत कॉपीमुक्तीचा जागृती सप्ताह घेतला, शाळाशाळांतून शपथ दिली. केंद्रावर गैरप्रकार सापडला तर ते केंद्रच कायमचं बंद करू, असंही सांगितलं.

आपल्या राज्यात कॉपी रोखण्याची मोठी गोष्ट घडली ती नांदेडला. २०१० साली तिथले जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम चालवली. केंद्रांवर अधिकारी बसवले, पालकांना आणि शिक्षकांना विश्वासात घेतलं. पहिल्या वर्षी जिल्ह्याचा निकाल एकदम खाली आला. मोहिमेचं नाव झालं आणि 'नांदेड पॅटर्न' राज्यभर गाजला. पण आपण बायकांनी त्या पडलेल्या निकालाकडे जरा थांबून बघायला हवं. कॉपी बंद झाली म्हणून मुलं एका वर्षात 'ढ' झाली नव्हती. ती आधीपासूनच मागे होती. कॉपीने ते झाकून ठेवलं होतं, एवढंच.

कॉपीचं पहिलं नुकसान हेच. ताप आलेल्या पोराला थर्मामीटर लावायचा आणि पारा झटकून टाकायचा, तसं ते आहे. आकडा छान दिसतो, पण ताप अंगातच राहतो.

मुलं कॉपी का करतात

"आळशी आहेत म्हणून," असं आपण पटकन म्हणतो. काही असतीलही. पण आम्ही या विषयावर चार-पाच गटांत बोललो आणि मुलांशीही बोललो, तेव्हा वेगळंच कानावर आलं.

पहिलं कारण भीती. बापाच्या माराची, शेजारच्या पोराशी होणाऱ्या तुलनेची, आणि मुलींच्या बाबतीत शाळा सुटण्याची. पोरगा नापास झाला तर पुन्हा बसतो. पोरगी नापास झाली तर अजूनही काही घरांत स्थळं बघायला लागतात. मग तिच्यासाठी तो पेपर ८० मार्कांचा राहत नाही, अख्ख्या आयुष्याचा होतो.

दुसरं कारण मागे पडणं. शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. हेतू चांगला होता, लहान पोरांनी नापास होऊन शाळा सोडू नये हा. पण ज्याला पाचवीत भागाकार आला नाही, त्याला नंतर कुणी थांबून तो शिकवला का? पुष्कळ ठिकाणी नाही. पोरगं वर्गावर वर्ग चढत गेलं आणि नववीत एकदम भिंतीवर आपटलं. आता महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, त्यात कमी पडलं तर पुन्हा परीक्षा, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. पण आज दहावीला असलेल्या पोरांपैकी किती तरी जणांचा पाया कच्चाच राहिलेला आहे.

तिसरं कारण, 'सगळेच करतात'. एका पोराने आम्हाला तोंडावर विचारलं, "ताई, मी एकट्याने नाही केली, तर मला कमी मार्क पडणार आणि त्यांना जास्त. मग मूर्ख कोण?" याला लगेच देता येईल असं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. खरं तर त्याचं दुखणं रास्त आहे. कॉपीत ज्याचं सगळ्यात जास्त जातं, तो असतो प्रामाणिकपणे बसलेला मुलगा. त्याचे मार्क कुणी चोरत नाही, पण त्या मार्कांची किंमत चोरली जाते.

आपण मोठी माणसं काय करतो

आता जरा आपल्याकडे बघू. ऐकायला बरं वाटणार नाही, आम्हालाही वाटलं नाही.

करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आल्या. ऑनलाइन चाचणी असायची तेव्हा पोराच्या शेजारी पुस्तक उघडून कोण बसलं होतं? आपणच. २०२१ ला तर दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि शाळेतले मार्क धरून निकाल लावला, तो राज्यात ९९.९५ टक्के लागला. त्या मुलांचा त्यात काही दोष नाही, तो काळच तसा होता. पण घरात बसून उत्तरं सांगायची सवय त्या दोन वर्षांत आपल्याला लागली, हे मान्य करायला हवं.

मग शाळेचे प्रकल्प. रात्री अकरा वाजता पोरगं झोपलेलं असतं आणि आई चार्टपेपरवर चित्रं डकवत बसते. नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प येतो. वर नाव पोराचं. दहावीच्या विषयात लेखी परीक्षा ८० मार्कांची आणि बाकीचे २० शाळेतल्या कामाचे. त्या वीसमध्ये आईचे किती असतात, ते आईलाच ठाऊक.

१ ऑगस्टला शाळेत भाषणं होतात. लोकमान्य टिळकांची शेंगांची गोष्ट प्रत्येक पोराला पाठ असते. वर्गात टरफलं पडलेली, मास्तर म्हणतात सगळ्यांनी उचला, आणि लहानगा टिळक म्हणतो, मी खाल्ल्याच नाहीत तर उचलू कशाला. पोरं आवाज चढवून ती गोष्ट सांगतात, आपण टाळ्या वाजवतो. पण भाषण कुणी लिहून दिलेलं असतं? ताईने, सरांनी, नाहीतर मोबाइलवरून उतरवून आईने. म्हणजे प्रामाणिकपणाचं भाषणसुद्धा आपण कॉपी करून देतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेल्या काही वर्षांत मोठ्यांच्या परीक्षेतही काय काय बाहेर आलं, ते आपण ऐकलंच आहे. २०१९-२० ची शिक्षक पात्रता परीक्षा घ्या. तिच्यात पैसे घेऊन मार्क वाढवल्याचं प्रकरण पुणे पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये उघड केलं. पुढे २०२२ साली ७,८७४ उमेदवारांवर कारवाई झाली. ही परीक्षा कशाची होती? आपल्या लेकरांना शिकवायला कोण लायक आहे, ते ठरवण्याची. मार्क विकत घेऊन फळ्यापाशी उभा राहिलेला माणूस पोरांना कॉपी करू नका असं कोणत्या तोंडाने सांगणार?

आमच्या वहीची गोष्ट

इथपर्यंत आम्ही दुसऱ्यांबद्दल बोललो. आता आमचं सांगतो.

ज्या मुलीने पेपर दाखवला, तीच त्या गटाचं दफ्तर लिहिते. बऱ्याच गटांत असंच असतं. बायकांना लिहिण्याचा सराव नसतो, मग सभासदाची शाळेत जाणारी लेक हजेरी, बचत, कर्ज, ठराव असं सगळं वहीत लिहून देते. त्या गटाची बँकेकडून प्रतवारी व्हायची होती. प्रतवारीत गटाची पंचसूत्री बघतात, हे तुम्हाला माहीत आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. बचत आणि परतफेड आमची चोख होती. पण जुलै-ऑगस्टात चार बैठका झाल्याच नव्हत्या. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, आणि त्यात भातलावणी. बाया चिखलात वाकलेल्या, बैठकीला कोण येणार? घरोघर फिरून पैसे गोळा केले होते, तेवढंच.

प्रतवारीच्या आठवडाभर आधी आम्हीच त्या मुलीला सांगितलं, "बाळा, त्या चार बैठका लिहून टाक. पेन वेगवेगळं वापर, म्हणजे एका दिवशी लिहिल्यासारखं दिसणार नाही." तिने लिहिल्या. हजेरी लिहिली, ठराव लिहिले, बायकांनी सह्या-अंगठे केले. आम्हाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. पैसे खाल्ले नव्हते, कुणाला फसवलं नव्हतं. 'कागद पूर्ण केले' एवढंच मनात होतं.

त्या गलक्याच्या बैठकीनंतर ती मुलगी दफ्तर न्यायला आली. आम्ही तिला जवळ बसवून समजावू लागलो, की बघ, परीक्षेत असं दाखवणं बरोबर नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई, मग त्या चार बैठका मी लिहिल्या, ते काय होतं?"

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. ती उद्धट बोलली नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

त्या रात्री आम्ही फोनवर पुष्कळ बोललो. एकीचं म्हणणं, वही आणि परीक्षा वेगळी. आपण गरिबांसाठी केलं. दुसरीचं म्हणणं, तिनेही मैत्रिणीसाठीच केलं. शेवटी एवढं कळलं, की तिला चूक म्हणायचं असेल तर आधी आपली दुरुस्त करावी लागेल. दुसऱ्या दिवशी गटाला बोलावलं. खूप वाद झाला. एका ताईंना म्हैस घ्यायची होती, एकीला शिवणयंत्र. कर्ज अडलं तर? तरी अखेर त्या चार पानांवर फुल्या मारल्या आणि पुढच्या पानावर खरं लिहिलं. लावणीमुळे चार बैठका झाल्या नाहीत, बचत घरोघर जाऊन गोळा केली, सबब आधीच्या नोंदी रद्द. खाली सगळ्यांच्या सह्या.

बँकेचे साहेब आले. त्यांनी पान वाचलं, काही बोलले नाहीत. प्रतवारीत मार्क कमी पडले. "तीन महिने बैठका नीट घ्या, मग बघू," म्हणाले. म्हैस अजून आलेली नाही. त्या ताई आमच्याशी नेहमीसारख्या बोलत नाहीत, हेही खरं.

हे मुद्दाम सांगतो. मुलांना आपण म्हणतो, खरं बोल, चांगलंच होईल. तसं दर वेळी होत नाही. आपल्या मुळशीला हे वेगळं सांगायला नको. १९२१ साली रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी तो पेलला. बायाही त्यात उतरल्या. बाजू खरी होती, तरी जमिनी धरणाखाली गेल्याच. पण शंभर वर्षांनीही आपण ते नाव मान वर करून घेतो. पोरांना खोटा शब्द देऊ नका, की खरं वागलं की मार्क वाढतात. त्यांना सांगा, कधी कधी खरं वागण्याची किंमत द्यावी लागते, आणि ती देताना आम्ही तुझ्या बाजूला उभे राहू.

मदत कुठे संपते, कॉपी कुठे सुरू होते

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आम्हाला सुचलेले तीन प्रश्न सांगतो. पोरांशी बोलताना उपयोगी पडतील.

पहिला: हे काम बाईंच्या समोर, उघड करता येईल का? मैत्रिणीला गणित समजावणं उघड करता येतं. उत्तरपत्रिका सरकवणं चोरून करावं लागतं. आमची चार पानंसुद्धा साहेबांसमोर बसून लिहिता आली नसती. जे लपवावं लागतं, त्यात बहुधा काहीतरी चुकतं.

दुसरा: कागदावर नाव ज्याचं आहे, काम त्याचंच आहे का? प्रकल्पाला आईने कात्री धरली तर ठीक. पण विचार करणं, लिहिणं हे पोराचं हवं.

तिसरा: यात कुणाचं जातं? परीक्षेत ते दिसत नाही, म्हणून मुलांना वाटतं कुणाचंच जात नाही. पण शेजारी प्रामाणिकपणे बसलेल्याचं जातं. आणि सगळ्यात जास्त जातं ते जिला 'मदत' झाली तिचं. तिला बीजगणित आलं नाही ते नाहीच आलं. उद्या पिरंगुटला कंपनीत किंवा हिंजवडीत कामाला गेली आणि हिशेब समोर आला, तर तिथे मागच्या बाकाची सोय नसते.

याबाबत महात्मा गांधींची एक आठवण आहे. 'सत्याचे प्रयोग'मध्ये त्यांनी ती स्वतः लिहिली आहे. राजकोटच्या हायस्कूलमध्ये पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे तपासनीस साहेब आले. त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. त्यात 'केटल' म्हणजे किटली हा शब्द गांधींचा चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खूण केली, की शेजारच्याच्या पाटीवरून बघ. त्यांना ती खूण कळलीच नाही. मास्तर आपल्यावर लक्ष ठेवायला उभे आहेत, असंच त्यांना वाटत होतं. बाकी सगळ्या पोरांचे शब्द बरोबर आले, यांचा तेवढा चुकला. नंतर मास्तरांनी समजावून पाहिलं, पण कॉपी करणं त्यांना जमलं नाही ते नाहीच.

या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तिथे कॉपी करायला सांगणारे मास्तरच होते. शाळेचं नाव राखायचं, साहेब खूश व्हावेत, हे दडपण तेव्हाही होतं. आणि दुसरं, मास्तरांबद्दलचा आदर त्यामुळे कमी झाला नाही, असं गांधी लिहितात. मोठं माणूस चुकलं म्हणून ते सगळंच वाईट ठरत नाही, आणि मोठ्याने सांगितलं म्हणून चूक बरोबरही ठरत नाही. मुलांना हे दोन्ही कळू शकतं. आपणच त्यांना कमी समजतो.

नापास म्हणजे शेवट नाही

त्या मुलीची माया चुकीची नव्हती. मैत्रिणीचं शिक्षण सुटू नये असं तिला वाटलं. ती माया पेपरच्या दोन तासांत घालायची नव्हती, त्याच्या आधीच्या तीस दिवसांत घालायला हवी होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नापासाची भीती काढण्याचं काम पोरीचं नव्हतंच. ते आपलं, मोठ्या बायकांचं होतं.

म्हणून ही माहिती लिहून ठेवा. दहावीत विषय राहिला तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैत होते, पूर्वीसारखं ऑक्टोबरची वाट बघावी लागत नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीला प्रवेश मिळू शकतो, राहिलेले विषय नंतर सोडवायचे. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, संकोच करू नका.

आणि लग्नाचं म्हणाल, तर दहावीची पोरगी पंधरा-सोळा वर्षांची असते. मुलीचं लग्न अठराच्या आत आणि मुलाचं एकविसाच्या आत करणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हे बालविवाह रोखणारे अधिकारी असतात. १०९८ या नंबरवर फुकट फोन लागतो.

आम्ही तिघी जणी त्या दुसऱ्या मुलीच्या घरी गेलो. कायद्याचा धाक दाखवायला नाही गेलो, चहा प्यायला गेलो. बोलता बोलता पुरवणीचं सांगितलं, एटीकेटीचं सांगितलं. आईला ते माहीतच नव्हतं. वडील म्हणाले, "निकाल तर लागू दे, मग बघू." एवढंच. पण 'लग्न लावू' म्हणाले नाहीत.

त्या दोघी आता रोज संध्याकाळी समाजमंदिरात एक तास बीजगणित करतात. आमच्या मुलीने मैत्रिणीला स्पष्ट सांगितलंय, "बोर्डात मी दाखवणार नाही. पण परीक्षेपर्यंत रोज शिकवीन." शाळेत सांगावं की नाही, यावर मात्र आमच्या बायकांचं एकमत झालेलं नाही. काही म्हणतात, सांगायला हवं होतं. काही म्हणतात, सराव परीक्षा होती, पोरीने स्वतःहून कबूल केलं, आता दुसरीला का अडकवायचं? तिने शाळेत सांगितलं नाही, आणि आम्हीही तिला जबरदस्ती केली नाही. ते बरोबर केलं का, हे आम्हाला अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की कळली. ती पोर आईजवळ खरं बोलली, कारण भाकरी थापणाऱ्या आईने हातातलं काम न टाकता, आवाज न चढवता ऐकून घेतलं. त्याच वेळी पाठीत धपाटा बसला असता, तर पुढच्या वेळी ती पेपर दाखवायची थांबली नसती, घरी सांगायची थांबली असती.

म्हणून परीक्षेच्या दिवसांत एवढं करा. पोरांना आजच सांगून ठेवा, "मार्क कमी पडले तरी या घरात तुझं ताट वाढलेलं असेल." काही चुकलं आणि त्याने येऊन सांगितलं, तर आधी पूर्ण ऐका, मग बोला. आणि पोरांना उपदेश करण्याआधी आपल्या घरातल्या, गटातल्या वह्या एकदा उघडून बघा. आमची वही आता रोज टेबलावर उघडी असते. त्या चार फुल्या मारलेल्या पानांना आम्ही हात लावलेला नाही. नव्या सभासदाने विचारलं, तर हे काय आहे ते सांगतो.

दहावी-बारावीच्या सगळ्या मुलांना आमच्या शुभेच्छा. आणि त्यांच्या आयांनाही.